बियाण्यातली बुरशी

खळ्यावर पसरलेल्या या मेथीच्या पेंढ्या बाजारात जाणार नाहीत. त्या बियाण्यासाठी राखलेल्या आहेत. ऑक्टोबरात पेरलेल्या वाफ्यातील मेथी भाजीसाठी न उपटता तशीच पिकू दिली, शेंगा पिवळ्या पडल्या आणि फेब्रुवारीअखेर कापणी झाली. सोलापूर जिल्ह्यात हे दिवस एरवी कोरडे ठणठणीत असतात आणि अशी हवा बियाण्याला मानवते. मात्र याच सुमारास अवकाळी पावसाची एखादी सर आली, की कापून ठेवलेल्या शेंगा भिजतात आणि अल्टरनेरिया, फ्युजेरियम, कर्व्ह्युलारिया या शेतातल्याच बुरश्या दाण्यापर्यंत पोहोचतात. वरून दाणा बहुधा चांगलाच दिसतो. फार तर थोडा काळवंडतो.

तो खरोखर निरोगी आहे का, हे पाहण्याची ही टिपकागद पद्धत. काचेच्या बशीत ओल्या टिपकागदाचे तीन थर, त्यांवर सुटे सुटे मांडलेले २५ दाणे आणि अशा १६ बश्या, म्हणजे एकूण ४०० दाणे. रोज बारा तास प्रकाश व बारा तास अंधार देत त्या सात दिवस ठेवतात, मग एकेक दाणा सूक्ष्मदर्शकाखाली येतो. अल्टरनेरियाचे तपकिरी बीजाणू माळेत ओवल्यासारखे एकापुढे एक दिसतात, तर फ्युजेरियमचे पांढरट-गुलाबी तंतू दाण्याला वेढून असतात. काळे, गोल, भुकटीने माखलेले डोके दिसते ते ॲस्परजिलस नायजर या बुरशीचे, आणि तिचा दोष पावसाला देता येत नाही. पुरते न वाळवता पोत्यात भरलेल्या बियाण्यात ती फोफावते.

धन्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. एका धन्यात दोन बिया असल्याने पेरणीपूर्वी तो रगडून फोडतात, परंतु हात जड पडला तर बीज दुखावते आणि बुरशीला आयती वाट मिळते.

रोगट बियाण्याची उगवण विरळ होते, रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो.

पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी चोळून ते सावलीत सुकवतात. ही बीजप्रक्रिया करावीच, पण दाण्याच्या आत मुरलेल्या बुरशीवर तिचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून येथे दव ओसरल्यावरच कापणी होते, आभाळ भरून येताच पेंढ्या ताडपत्रीखाली जातात आणि दाण्यातील ओलावा आठ-दहा टक्क्यांवर आल्याखेरीज पोते शिवले जात नाही.