काळा ठिपका, पांढरा कागद

९ मे २०१६. दुर्बिणीतून आलेला सूर्यप्रकाश पांढऱ्या कागदावर पाडला आहे. बिंबाच्या या कडेला बारीकशी खाच दिसतेय? तो बुध. ग्रहाचं असं सूर्यबिंबासमोरून सरकणं म्हणजे अधिक्रमण. साधारण तीन मिनिटांत तो पूर्ण आत येतो.

बिंब १५ सेंटिमीटरचं असलं, तरी बुध जेमतेम १ मिलिमीटरचा. शेजारचे हे करडे, विस्कटलेल्या कडांचे, ते सौरडाग. बुध मात्र काळाकुट्ट आणि अगदी गोल.

७ नोव्हेंबर १६३१ला पॅरिसमध्ये खगोल अभ्यासक पिएर गासेंदी असाच कागदावर सूर्य पाडून बसला होता. हे अधिक्रमण खगोलशास्त्रज्ञ केप्लरने आधीच वर्तवलं होतं, पण ते बघायला तो उरला नाही. आदल्याच वर्षी गेला. बुध इतका लहान असेल, असं गासेंदीला वाटलं नव्हतं. आधी त्याला तो सौरडागच वाटला. पण सौरडागाला बिंब ओलांडायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. हा तर बघता बघता सरकत होता.

आता हे हात बघा. दुर्बीण सूर्याकडे रोखायची, पण तिच्यातून बघायचं नाही, क्षणभरही नाही. नळीची सावली जमिनीवर लहानात लहान झाली, की नेम बसला. शोधक दुर्बिणीवर, म्हणजे नेम धरायला बाजूला लावलेल्या छोट्या दुर्बिणीवर, झाकण हवंच. नेत्रिकेमागे, म्हणजे एरवी डोळा लावतो त्या भिंगामागे, कागद धरायचा आणि कड रेखीव होईपर्यंत फोकस फिरवायचा. पृथ्वी फिरते, म्हणून बिंब कागदावरून निसटत राहतं. त्यासाठी आधीच पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवलंय. बिंब त्यात बसवायचं, ठिपक्यावर खूण करायची, शेजारी वेळ लिहायची. या पद्धतीत सगळ्यांना एकदम बघता येतं, रांग लावावी लागत नाही. आम्हाला हीच पद्धत सगळ्यात जवळची वाटते.

या खुणा सरळ रेषेत आहेत. बुधाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी ७ अंशांनी कललेली असल्यामुळे एरवी तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. असा योग शतकात तेरा-चौदा वेळाच येतो, तोही मे किंवा नोव्हेंबरात.

१७६१ आणि १७६९ साली शुक्राच्या अधिक्रमणांवरून सूर्याचं अंतर काढलं गेलं, सुमारे १५ कोटी किलोमीटर. परक्या ताऱ्यांचे ग्रहही आज असेच, ताऱ्याचा उजेड किंचित कमी झाल्यावरून सापडतात.

त्यानंतर बुध नोव्हेंबर २०१९मध्ये येऊन गेला, आता तो १३ नोव्हेंबर २०३२ला येईल, शुक्र थेट डिसेंबर २११७मध्ये. तोवर हात बसवायला सौरडाग आहेत. सलग काही दिवस ठरलेल्या वेळी त्यांच्या खुणा करून बघा, सूर्य फिरताना दिसेल.