आजीची खाड्याची वही

श्रोतेहो, नमस्कार.

गिरणगावाचा विषय निघाला की माणसं गिरण्यांपासून सुरुवात करतात. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, पुढं परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड या भागांत चिमण्या उभ्या राहिल्या, आणि मग 1982 चा संप. मला आज त्या चिमण्यांखाली राबणाऱ्यांना जेवू घालणाऱ्या बायकांपैकी एकीबद्दल बोलायचंय. ती माझी आजी. माझ्या वडिलांची आई.

पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून लग्न होऊन ती लालबागच्या चाळीत आली. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. त्या काळी गावाकडची पोरं गिरणीत लागायची, गावाच्या गाळ्यावर, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत, पथारी टाकायची. बायकामुलं मागं वाडीत. झोपायची सोय व्हायची, पण रोजची भाकरी कोण थापणार? म्हणून आजीसारख्या बायकांनी घराघरांत खाणावळी चालवल्या. एका खोलीत आमचं सगळं कुटुंब, आणि त्याच खोलीत पाळीपाळीनं जेवून जाणारी ही माणसं. पहिल्या पाळीचे सुटून यायचे, तेव्हा दुसऱ्या पाळीचे हात धुऊन निघायचे. रातपाळीवाल्यांचे डबे वेगळे. स्टोव्ह आणि शेगडी दोन्ही चालू. आजीला सगळे वैनी म्हणायचे. पुढं माझ्या वडिलांच्या वयाची पोरं जेवायला यायला लागली, त्यांची ती मावशी झाली.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेब तोंडपाठ. खाणावळीत खाडा हा मोठा विषय. माणूस गावी गेला, पाहुण्याकडं जेवला, तर तेवढ्या जेवणांचे पैसे पगाराच्या दिवशी वजा करायचे. दाराच्या मागच्या भिंतीवर आजी कोळशानं खुणा करायची. प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. साचेवाल्याला मागावरचा धोटा, बैलांचं वेड असलेल्या एका काकांना दोन शिंगं, अगदी उंच होते त्यांना नुसती एक लांब काठी. खाडा झाला की त्या चिन्हाखाली आडवी रेघ. मी लिहायला लागले तेव्हा आजीनं वाण्याकडून लाल बांधणीची वही आणली आणि भिंतीवरचा हिशेब माझ्याकडं दिला. दुपारी भांडी पालथी पडली की ती पाय पसरून बसायची आणि सांगायची, मी लिहायचे. माझं चुकून एखादं नाव राहिलं तर लगेच, "अगं, शिंगवाल्याचा बेस्तरवारचा खाडा कुठाय? त्यो भावकीतल्या लग्नाला गेलता." माझं अक्षर सुधारलं ते त्या वहीत.

घरातल्यांचा हिशेबही ती तसाच ठेवायची, फक्त तो वहीत नसायचा. बुधवारी, रविवारी मासे यायचे. जेवायला येणाऱ्यांचे तुकडे मोजून काढले की जे उरेल ते आमचं. त्यातही बांगड्याचं डोकं माझ्या आईला. आईला ते आवडतं हे आजीनं लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हेरलं होतं. ते डोकं कालवणात तळाशी दडवून ठेवायची आणि सगळ्यांचं झालं की आईच्या ताटात वाढायची. सुनांनी मागून, एकट्यानं जेवायचं, हे तिच्या घरात चाललं नाही. शेवटच्या भाकऱ्या तव्यावर असतानाच ती दोन्ही सुनांना हाक मारायची आणि तिघी एकत्र बसायच्या. काकू आणि आई यांच्यात कधी अबोला धरला गेला तर तो त्या जेवणापर्यंतच टिकायचा. एकाच परातीतल्या भाकरीला दोघींचे हात लागायचे, मग बोलणं आपसूक सुरू.

पैशाची ओढाताण कायमची. माणसं महिन्याच्या शेवटी पैसे देणार, वाणी मात्र आधी मागणार. मधल्या काळात सावकार. पितळेचं मोठं पातेलं, ज्यात आमटी व्हायची, ते कितीदा गहाण पडलं आणि सुटलं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्यांच्याकडं तारण नाही, सही नाही, अशा बायका बँकेत गेल्या, अंगठा उठवला आणि हप्ते फेडले. शेजारणीच्या आग्रहानं आजीही त्यात गेली. बँकेतून आली त्या दिवशी तिनं पातेलं सोडवलं आणि चिंच लावून घासलं. मला वाटतं, गिरणगावात जे काही मोठं घडलं त्यात हे धरलं पाहिजे. ते फारसं कोणी धरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग 18 जानेवारी 1982. साठावर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार आणि कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा संप. भोंगे थांबले. सुरुवातीला सगळे म्हणायचे, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. पगार नाही म्हणजे खाणावळीचे पैसे नाहीत, तरी माणसं जेवायला येत राहिली. जाणार तरी कुठं? काही आठवड्यांनी एकेक जण टाळायला लागला. भूक नाही म्हणायचे, खाली चहा घेऊन झोपायचे. आजी गाळ्यावर माणूस पाठवून बोलावून घ्यायची. "पोट कुठं संपावर जातंय व्हय रं?" म्हणायची.

तेव्हा मी एकदा विचारलं, कोणी पैसेच देत नाही, मग वही कशाला लिहायची? आजी म्हणाली, "लिही. फुकाट जेवला तर उद्या यायचा न्हाई. लिवलेलं आसलं की त्यो मागून खाईल." आणि तसंच झालं. लिहिताना मी मोठ्यानं नाव घ्यायचे, तो माणूस मान हलवायचा आणि दुसरी भाकरी घ्यायचा. त्या वेळी मला ते नीट समजलं नाही. आता दोन मुलांची आई झाल्यावर समजतं, की देणेकरी म्हणून बसवून तिनं त्यांना ताठ मानेनं जेवू दिलं. घरात आमच्या वाट्याची आमटी तेव्हा पातळ झाली होती, पातेलं पुन्हा गहाण गेलं होतं, आणि आईनं किंवा काकूनं एका शब्दानं विचारलं नाही की बाहेरच्यांना किती दिवस घालायचं. आजीनं विचारण्याजोगं अंतरच ठेवलं नव्हतं.

संप रीतसर मागं घेतला गेलाच नाही. हळूहळू माणसं पांगली, बरीचशी गावी शेतात गेली. वहीत पैशांऐवजी वेगळ्या नोंदी यायला लागल्या. शिंगवाले काका सुगीनंतर आले ते भुईमुगाच्या शेंगांचं पोतं खांद्यावर घेऊन. कोणी पायलीभर नाचणी, कोणी तांदूळ, कोणी गुळाची ढेप. आजी प्रत्येक गोष्टीचा भाव लावायची, त्या माणसाला तो पटतो का विचारायची, आणि मग मी तेवढी रक्कम खोडायचे. काही पानं तशीच राहिली. त्या माणसांना दुसरं काम मिळालं नाही, काही लवकर गेले. त्यांचा विषय आजीनं कधी काढला नाही, दुसऱ्या कोणी काढलेला चालला नाही.

आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शिरगणतीवाला आला की तिच्या नावापुढं घरकाम एवढंच लिहून जायचा. मात्र दिवसाला पाच-सहा डझन भाकऱ्या थापणारे तिचे हात मी पाहिलेत, आणि ते काम होतं, कष्टाचं, जोखमीचं, डोक्यानं करायचं काम. गिरणगावातल्या, कोकणातल्या, घाटावरच्या ज्या घरांत अशी आजी होती किंवा अजून आहे, त्यांना माझी विनंती आहे. माळ्यावर एखादी जुनी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. आणि आजी असेल तर आज तिच्याशेजारी बसून विचारा, त्या खोलीत किती माणसं जेवायची, कोणाला काय आवडायचं. तिला नावानिशी आठवत असेल. लिहून घ्या.

नमस्कार.