आरशासकट

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळ आठवड्यावर आला की माझा फोन वाजायला लागतो. "तू मोकळीच आहेस ना?" त्या 'च'वर माझा फार राग आहे. लग्नाला जायचंय म्हटलं, तर कुणी आडवं येत नाही. चित्रं बघायला जायचंय म्हटलं की, "ते काय, नंतरही होईल!" नंतर होत नाही हो. प्रदर्शनाला शेवटची तारीख असते, आणि सणात दालनांनाही कुलूप लागतं. लंडनची नॅशनल गॅलरी २४ ते २६ डिसेंबर बंद असते, पॅरिसचं लूव्र २५ तारखेला.

तर आज एकच सांगायचंय. मैत्रिणीला मदतीला हो म्हणताना तास सांगा. नुसतं "येते" नको, "दोन ते चार येते" म्हणा. पुन्हा सांगते, दोन ते चार.

हे मला गेल्या डिसेंबरात कळलं. एका मैत्रिणीला घर बदलायचं होतं. "जरा येतेस?" म्हणाली. मी "येते" म्हटलं आणि तिथेच फसले. सकाळी नऊला गेले, तर एक कपाटही रिकामं नव्हतं. आणि त्याच दिवशी पाच वाजता, ज्या प्रदर्शनावर महिनाभर डोळा ठेवला होता, ते संपणार होतं.

भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, खोकी बांधली. चिकटपट्टीचं टोक सापडेना. नखाने खरवडतेय, दिव्यासमोर धरतेय. वापरून झाल्यावर टोक दुमडून ठेवायचं, एवढं शाळेत का शिकवत नाहीत? असो.

साडेतीनला टेम्पो गेला. मागे राहिला तिच्या आजीचा आरसा. लाकडी चौकटीचा, चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेला. टेम्पोत फुटेल म्हणून तो आम्ही टॅक्सीत मांडीवर घेतला. वाटेत ते दालन आलं. मी म्हटलं, "अगं, अर्धा तास. उतरू या." ती म्हणाली, "आरशासकट?" म्हटलं, आरशासकट.

दारावरच्या काकांनी आरसा सामानाच्या खिडकीत जमा करून घेतला, बिल्ला दिला. आत हिवाळ्याच्या चित्रांच्या मोठाल्या छापील प्रती लावलेल्या. मी तिला थेट ब्रुगेल या जुन्या चित्रकाराच्या 'बेथलेहेमची शिरगणती'पुढे उभं केलं. मूळ चित्र १५६६ चं, ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे. नाव बेथलेहेमचं, पण गाव फ्लँडर्समधलं, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचं, बर्फाने भरलेलं. सरायीच्या खिडकीशी नाव नोंदवायला झुंबड, पोरं बर्फाचे गोळे फेकतायत, कुणी डुक्कर कापतंय. मी म्हटलं, "यात मारिया शोध. येशूची आई, पोटुशी, नवरा योसेफबरोबर नाव नोंदवायला आलीय."

बोटांना चिकटपट्टी तशीच, पण बाई वाकून शोधायला लागल्या. लोक मोबाईल पुढे धरून फोटो काढतात नि पुढे सरकतात. घरी जाऊन ते फोटो कोण बघतं, देव जाणे. ही मात्र दहा मिनिटं हलली नाही. मग एकदम म्हणाली, "हा करवत खांद्यावर घेतलेला सुतार कोण? योसेफ! आणि मागे गाढवावर ही!" गर्दीत त्या दोघांकडे कुणाचं लक्षही नाही. तिने त्या पांघरुणात गुरफटलेल्या मारियाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवव्या महिन्यात शिफ्टिंग! माझं बरं की गं." आणि जी हसत सुटली, ती खोकी बांधल्यापासून पहिल्यांदाच.

बाहेर निघालो तर दारावरचे काका बदललेले. त्यांना काय दिसलं? चित्रांच्या प्रदर्शनातून दोन बायका चादरीत गुंडाळलेली चौकट घेऊन लगबगीने चालल्यात. "थांबा. उघडा ते." सुतळीच्या गाठी माझ्याच, सकाळच्या उत्साहातल्या. एकेक सोडवायला पाच मिनिटं लागली. मागे माणसं जमली. शेवटी चादर बाजूला झाली आणि काकांना काकाच दिसले. त्यांनी क्षणभर बघितलं, टोपी सरळ केली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा."

मुद्दे बरेच लिहून आणले होते, पण वेळ संपत आलाय. एवढंच: सगळं दालन पालथं घालू नका, एका चित्रापुढे दहा मिनिटं उभ्या राहा. जिला मदत करताय तिलाच सोबत न्या. आणि तास आधी सांगा.

काल तिचाच फोन आला. आरसा भिंतीवर तिरका लागलाय. "तेवीस तारखेला मोकळीच आहेस ना?"

"दोन ते चार," म्हटलं.

"मग चारनंतर कुठलं चित्र दाखवतेस?"

नमस्कार.