वेंगुर्ल्याचा चेहरा, धुळ्याची हवा

नमस्कार श्रोतेहो.

दवाखान्यात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. "डॉक्टर, चेहऱ्याला कुठलं क्रीम चांगलं?" मी त्याचं उत्तर लगेच देत नाही. आधी विचारते, चेहरा कोणाचा? आणि तो चेहरा राहतो कुठे? लोक थोडे गोंधळतात. पण आज मला तुमच्याशी याच दोन प्रश्नांवर बोलायचंय. चेहरा कोणाचा, आणि तो राहतो कुठे.

आधी थोडं आपल्या कातडीबद्दल. कातडीचा अगदी वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा. मधल्या दरजा भरलेल्या असतात स्निग्ध पदार्थांनी. त्यातल्या मुख्य पदार्थाला सिरामाइड म्हणतात. दरजा नीट भरलेल्या असल्या की आतलं पाणी आत राहतं. दरजा झिजल्या की पाणी बाहेर उडून जातं, कातडी ओढते, चुरचुरते, पांढुरकी पडते. मॉइश्चरायझरची कामं तीन. पाणी धरून ठेवणं, हे ग्लिसरीन करतं. दरजा भरणं, हे सिरामाइड आणि इतर स्निग्ध पदार्थ करतात. आणि वरून झाकण घालणं, हे पेट्रोलियम जेली करते. कोणाच्या चेहऱ्याला यातलं काय किती हवं, तेवढं ठरवायचं असतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझी पुढची सगळी हकिगत हिच्यावर उभी आहे. तेल वेगळं आणि पाणी वेगळं. चेहरा तेलकट असू शकतो आणि त्याच वेळी पाण्याला तहानलेलाही असू शकतो. पुन्हा सांगते. तेलकट चेहराही तहानलेला असू शकतो.

माझ्या आजीच्या फडताळात दोन बरण्या असायच्या. एक स्नोची, एक कोल्ड क्रीमची. स्नो चेहऱ्यावर चोळला की दिसेनासा व्हायचा, त्यात पाणी जास्त आणि तेलकटपणा कमी. कोल्ड क्रीममध्ये मेण आणि तेल जास्त. थंडीत लावायचं म्हणून ते कोल्ड क्रीम, असं आपल्याला वाटतं. पण त्यातलं पाणी उडताना चेहऱ्याला गारवा लागतो, त्यावरून ते नाव पडलं. मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून असं मलम करण्याची कृती दुसऱ्या शतकातल्या गेलन नावाच्या वैद्याच्या नावावर आहे. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण वैशाखात स्नो आणि मार्गशीर्षात कोल्ड क्रीम, हे तिचं कधी चुकलं नाही. आज दुकानात चाळीस बाटल्या मांडलेल्या असतात आणि आपण मात्र वर्षाचे बारा महिने एकच वापरतो.

आता ती हकिगत. ही मी तुम्हाला सांगणारच होते.

माझा दवाखाना धुळ्यात. काही वर्षांपूर्वी चैत्रात एक सासू आणि सून माझ्याकडे आल्या. सून वेंगुर्ल्याची. आदल्या वैशाखात लग्न होऊन इकडे आलेली. ओढणी डोळ्यांपर्यंत घेतलेली. ती बाजूला केली, तेव्हा मला दिसले लालबुंद गाल, त्यावर बारीक लाल रेषा, हनुवटीवर पुळ्या आणि कानशिलांजवळ कोवळी लव. वय असेल बावीस-तेवीस. तिच्या हातात पिवळी कापडी पिशवी होती. ती तिनं माझ्या टेबलावर उलटी केली. बेसनाची पुरचुंडी, मुलतानी मातीचं पाकीट, खोबरेल तेलाची बाटली, साबणाची वडी, आणि पिळून पिळून चपट्या झालेल्या सात नळ्या. मी सांगितलेलं नसताना तिनं सगळं बरोबर आणलं होतं. हे मी आजही सगळ्यांना सांगते. डॉक्टरकडे जाताना चेहऱ्याला जे जे लावलं, ते सगळं पिशवीत घालून न्या.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. वेंगुर्ल्याला तिचा चेहरा कायम तेलकट. समुद्राकाठची दमट हवा, घाम, चिकचिक. शाळेपासूनची सवय म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा साबणानं तोंड धुवायचं. तिथे ते निभावलं. इकडे आली ती भर उन्हाळ्यात. धुळ्याचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. पावसाळ्यात जरा बरं गेलं. आणि मग थंडी आली. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्याकडेही रात्री बोचऱ्या होतात आणि हवा अगदी कोरडी. तिचा चेहरा ओढायला लागला. पाणी लागलं तरी चुरचुरायचा. पण कपाळ आणि नाक चमकतच होतं. ती म्हणाली, "चमकतंय म्हणजे तेलकट आहे असं वाटलं, म्हणून आणखी धुतलं."

हीच ती जागा, श्रोतेहो. चेहरा चमकत होता आणि ओढतही होता. तेल होतं, पाणी नव्हतं. साबण आम्लारी, आपली कातडी किंचित आम्लधर्मी. प्रत्येक धुण्याबरोबर दरजांमधला स्निग्धपणा वाहून चालला होता.

साबणाचं निघालंच आहे तर माझं एक ठाम मत सांगते. आंघोळीच्या साबणानं तोंड धुण्याची सवय आपण आपल्या मुलांना लावूच नये. आणि हिवाळ्यात कढत पाण्याची बादली डोक्यावरून ओतून घेणं, हे तर त्याहून वाईट. आमच्याकडे गिझर आले तशा हिवाळ्यातल्या खाजेच्या तक्रारी वाढल्या, असं मला वाटतं. चुलीवरचं पाणी विसणावं लागायचं, म्हणून ते बेतानंच गरम असायचं. असो.

तर सासूबाईंनी तिची तडफड पाहिली. त्या प्रेमानं म्हणाल्या, दुधावरची साय लाव. स्वतः त्या तीस वर्षं लावत आल्या होत्या. त्यांचा चेहरा कोरडा, पन्नाशी ओलांडलेला, साय त्यांना मानवायची. सुनेच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पुळ्या आल्या. मग तिनं वेंगुर्ल्याला फोन केला. आई म्हणाली, "गो, रात्री निजताना खोबऱ्याचा तेल चोळ." आणि पार्सलनं बाटली पाठवली. खोबरेल हातापायांना उत्तम, पण पुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. पुळ्या दुप्पट झाल्या.

त्यात आली पहिली संक्रांत. नव्या नवरीची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, फोटो. अंगावर सगळं शोभून दिसणार आणि चेहरा असा. शेजारच्या एका बाईनं एक नळी आणून दिली. दुकानात चिठ्ठी विचारली नव्हती. तीन रात्री लावली. चेहरा लख्ख. लाली गेली, पुळ्या बसल्या, वर दोन छटा उजळली. तिनं मला मोबाइलमध्ये तो फोटो दाखवला. काटेरी हलव्याचा मुकुट, बाजूबंद, गळ्यात हार, आणि चेहरा खरंच निरभ्र. "डॉक्टर, मी इतकी छान कधीच दिसले नव्हते," असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नळीत स्टिरॉइड होतं. ते दाह तात्पुरता दाबतं, म्हणून जादू वाटते. पण रोज चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि नळी थांबवली की चेहरा पेटतो. मग माणूस पुन्हा नळी घेतो. हिनं सात नळ्या संपवल्या होत्या. होळीच्या उन्हात तर तिला अंगणात उभं राहवेना.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरबाई, मीच तिले साय लावाले सांगितलं. चूक माझीच." मी त्यांना सांगितलं, मावशी, तुमची साय खोटी नाही आणि तिच्या आईचं तेलही खोटं नाही. तुम्ही तुमच्या चेहऱ्याचं सांगितलंत, त्यांनी वेंगुर्ल्याच्या हवेचं सांगितलं. हा तिसराच चेहरा आहे.

त्या नळीबद्दल मात्र मी एवढं सौम्य बोलणार नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. म्हणून कान देऊन ऐका. नळीवरचं बारीक नाव वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. यातलं काही दिसलं तर ते मॉइश्चरायझर नाही, ते औषध आहे. पुन्हा सांगते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. आणि आधीपासून लावत असाल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून करा. गोरं करण्याच्या हौसेपायी आपण आपल्या मुलींची किती कातडी जाळली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रंग हा आजार नाही. मुलगी बघायला जाताना रंगाचा शब्द काढणाऱ्या माणसाला घरातल्यांनी तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे, मग तो कितीही वडीलधारा असो.

पुढे काय झालं ते सांगते. नळी बंद केली. पहिले तीन आठवडे कठीण गेले, चेहरा सुजला, लाल झाला, ती रडली. सासूबाई रोज रात्री थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या. मी तिला पिशवीतली एकही वस्तू परत वापरू दिली नाही. दिवसातून दोनदा साबण नसलेलं सौम्य फेसवॉश, आणि त्यावर वास नसलेलं, ग्लिसरीन आणि सिरामाइड असलेलं साधं क्रीम. एवढंच. थोडीफार औषधं दिली, पण खरं काम त्या साध्या क्रीमनं आणि दिवसांनी केलं. दिवाळीपर्यंत चेहरा शांत झाला.

आता माझ्याकडे वेळ थोडा उरला आहे, म्हणून तुमच्यासाठी भराभर सांगते.

आधी चेहऱ्याची परीक्षा. सकाळी सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, टिपा, आणि तासभर काहीही लावू नका. मग पातळ टिपकागद कपाळ, नाक आणि गालांवर दाबा. सगळीकडे तेलाचे डाग आले तर तेलकट. फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर आले तर मिश्र. कुठेच नाही आणि चेहरा ओढतोय तर कोरडा. चुरचुरत असेल, लाल होत असेल तर संवेदनशील. आणि डागही आले, ओढतोही आहे, तर तेलकट पण तहानलेला, आमच्या वेंगुर्ल्याच्या मुलीसारखा.

तेलकट असेल तर जेल किंवा पातळ लोशन, आणि बाटलीवर नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलेलं, म्हणजे छिद्रं न बुजवणारं. तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतं, तेव्हा ते वगळू नका. कोरडा असेल तर घट्ट क्रीम, आणि कडाक्याच्या थंडीत रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. मिश्र असेल तर गालांवर जास्त, नाकावर कमी. एकाच चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी लावायला काही हरकत नाही. संवेदनशील असेल तर सुगंधाचं काहीही नको. 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी नको, लिंबाचं आणि फुलांचं तेलही कातडीला झोंबतं. चाळिशी-पन्नाशीनंतर तेल कमी होतं, तेव्हा ही परीक्षा पुन्हा घ्या. आणि पुरुष मंडळी, दाढीनंतर झोंबणारं सुगंधी पाणी लावण्याऐवजी साधं लोशन लावा. तुमच्याही चेहऱ्याला दरजा आहेत.

लावायची वेळ महत्त्वाची. तोंड धुतलं, हलकेच टिपलं, चेहरा ओलसर असतानाच लावा. ओलसर असतानाच. हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढं पुरतं. ग्लिसरीन-गुलाबपाणी घरी करत असाल तर ग्लिसरीन थोडं आणि पाणी पुष्कळ ठेवा, आणि कोरड्या थंडीत त्याच्यावर क्रीमचा हात फिरवा. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. आणि महाग म्हणजे चांगलं असं नसतं. घटकांची यादी वाचा. साधारणपणे जो घटक जास्त, तो आधी लिहिलेला असतो. ग्लिसरीन वरच्या ओळींत असेल आणि सुगंध कुठेच नसेल, तर स्वस्त बाटलीही निर्धास्त घ्या.

ती मुलगी गेल्या वर्षी गणपतीला माहेरी जाण्याआधी भेटायला आली होती. कडेवर लेक, आणि सोबत सासूबाई, कारण त्यांनाही कागद दाबून परीक्षा द्यायची होती. त्या कोरड्या निघाल्या, साय चालू ठेवा म्हटलं, तर खुलल्या. मुलीनं पर्समधून दोन छोट्या डब्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एकीत जेल, एकीत क्रीम. झाकणांवर तिनं पेननं अक्षरं काढली होती. एकीवर 'वें', दुसरीवर 'धु'. म्हणाली, "एसटी घाट उतरली की ही उघडायची, आणि परत येताना घाट चढला की ती."

नमस्कार.