वारशाने आलेलं जमिनीखालचं तेल: विकण्याआधी काय तपासायचं

(ह्यूस्टन परिसरातील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जमिनीच्या मालकीबद्दलच्या आपल्या कल्पना बहुतेक सातबाऱ्यावर घडलेल्या आहेत. महाराष्ट्रात शेत तुमचं असलं, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार त्याखालचं खनिज, काही अपवाद सोडता, राज्य सरकारचं असतं. त्यामुळे टेक्सासमध्ये सासरकडून किंवा आईवडिलांकडून ‘मिनरल्स’ आले की आपली माणसं गोंधळतात. इथे जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि खालचं तेल व वायू दुसऱ्याचे असू शकतात. पन्नास वर्षांपूर्वी कुणी शेत विकलं आणि खरेदीखतात खनिजं स्वतःकडे राखून ठेवली, तर तो हक्क पिढ्यान्‌पिढ्या वारसांकडे चालत येतो. जमीन हातात नसते, कुंपण नसतं, कधी कधी काउंटीचं नावही ठाऊक नसतं. आणि एक दिवस पत्र येतं, ‘तुमचे खनिज हक्क आम्ही विकत घेऊ इच्छितो.’

त्या पत्राबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्या. पत्र पाठवणाऱ्याने काउंटीच्या नोंदी चाळल्या आहेत, जवळपासच्या ड्रिलिंग परवान्यांचा नकाशा पाहिला आहे आणि हिशेब मांडला आहे. तुम्ही तो अजून मांडलेला नाही. दोघांच्या माहितीतली ही तफावत हाच त्याचा नफा. तेव्हा हिशेब स्वतः मांडेपर्यंत कशावरही सही करू नका.

पहिला प्रश्न: तुमच्याकडे नेमकं काय आहे? पूर्ण खनिज हक्क असेल, तर लीज (तेल कंपनीला खोदू देण्याचा करार) देण्याचा अधिकार, बोनस (लीज करताना मिळणारी रक्कम) आणि रॉयल्टी (उत्पन्नातला वाटा) सगळं तुमचं. नुसता रॉयल्टी हक्क असेल, तर उत्पन्नातला वाटा मिळतो, पण लीजच्या वाटाघाटीत तुमचा शब्द चालत नाही. ओव्हररायडिंग रॉयल्टी हा तिसरा प्रकार. ती लीजवर उभी असते, लीज संपली की तीही संपते. या तिघांची किंमत एकाच मापाने कधीच करू नये.

दुसरा प्रश्न, किती? एक हिशेब करू. मूळ जमीन १६० एकर, त्यातली निम्मी खनिजं राखलेली, म्हणजे ८० एकर. वारस चार, तुमच्या वाट्याला २०. यांना नेट मिनरल एकर म्हणतात. विहिरीचं युनिट, म्हणजे तिच्यासाठी एकत्र जोडलेलं क्षेत्र, १,२८० एकरांचं आणि लीजमधली रॉयल्टी एक पंचमांश असेल, तर तुमचा दशांश वाटा २० भागिले १,२८० गुणिले ०.२०, म्हणजे ०.००३१२५. एखाद्या महिन्यात त्या युनिटमधून १२,००० बॅरल तेल ७० डॉलरने विकलं गेलं, तर एकूण ८,४०,००० डॉलर आणि तुमचे २,६२५. त्यातून टेक्सासचा ४.६ टक्के उत्पादन कर वजा होतो. वायूवर हा दर ७.५ टक्के आहे. शिवाय वायू गोळा करणं, दाबणं, वाहून नेणं यांच्या वजावटी असू शकतात. त्या चालतात की नाही हे लीजच्या शब्दांवर ठरतं, म्हणून लीजची प्रत मिळवाच.

ऑपरेटरकडून, म्हणजे विहीर चालवणाऱ्या कंपनीकडून, येणाऱ्या डिव्हिजन ऑर्डर या वाटणीच्या कागदावर हाच दशांश छापलेला असतो. सहीआधी तो स्वतः काढून पाहा. आकडा चुकीचा असला आणि तुम्ही सही केली, तर ती रद्द करेपर्यंत पैसे त्याच आकड्याने येत राहतात.

आता सगळ्यात जास्त अडणारी बाब, नाव लावून घेणं. खनिज हक्क ही स्थावर मालमत्ता आहे. ती ज्या राज्यात, त्या राज्याचा वारसा कायदा तिला लागू. मृत व्यक्ती कॅलिफोर्नियात राहत होती आणि तिथे प्रोबेट (मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर) झालं, एवढ्याने टेक्सासमधल्या काउंटीत तुमचं नाव लागत नाही. मृत्युपत्र आणि प्रोबेट आदेशाच्या प्रमाणित प्रती खनिज असलेल्या काउंटीच्या क्लर्ककडे नोंदवाव्या लागतात. खनिजं तीन काउंट्यांत असतील, तर तिन्हीकडे. मृत्युपत्रच नसेल, तर टेक्सासमध्ये अ‍ॅफिडेव्हिट ऑफ एअरशिप, म्हणजे वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र, हा मार्ग आहे. कुटुंबाची माहिती असलेले, पण वारशात हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार विवाह, मुलं, मृत्यू यांचा तपशील शपथेवर देतात. असा कागद पाच वर्षं नोंदीत राहिला की न्यायालयात प्राथमिक पुरावा मानला जातो. मोठ्या रकमेच्या व्यवहारात मात्र खरेदीदार न्यायालयाचा आदेश मागू शकतो. साखळीत एक मृत्यू जरी नोंदवायचा राहिला, तरी खालच्या सगळ्या वारसांचे पैसे अडतात.

अडलेले पैसे ऑपरेटर ‘सस्पेन्स’ खात्यात ठेवतो. टेक्सासमध्ये तीन वर्षं मालक सापडला नाही, तर ते राज्याच्या कॉम्प्ट्रोलरकडे बेवारस रक्कम म्हणून जातात. तिथल्या संकेतस्थळावर आजोबा, आजी, आत्या, सगळ्यांची नावं शोधा, जुन्या स्पेलिंगसह. पैसे तर मिळतातच, पण ज्या हक्काचा कुटुंबात कुणालाच पत्ता नव्हता तो हक्कही अनेकदा याच वाटेने सापडतो. काउंटीत शोधताना देणारा आणि घेणारा अशा दोन्ही नावांच्या सूची पाहाव्यात.

टेक्सासबाहेर मुदतीचं भान ठेवा. नॉर्थ डकोटात खनिज हक्क २० वर्षं वापराविना पडून राहिला आणि दाव्याची नोंदही केली नाही, तर तो पृष्ठभागाच्या मालकाकडे जाऊ शकतो. लुईझियानात तेवढ्याच निष्क्रियतेला दहा वर्षं पुरतात. नॉर्थ डकोटात हा साधा नोंदणीचा कागद वेळेवर न गेल्याने मालमत्ता हातची जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

किंमत कशी ठरते? चालू विहिरी, खोदून ठेवलेल्या पण चालू न केलेल्या विहिरी, मंजूर परवाने आणि अजून न खोदलेल्या जागा, असे चार थर असतात. टेक्सासमध्ये ड्रिलिंग परवाने आणि विहिरींचं उत्पादन रेलरोड कमिशनच्या नोंदीत मोफत दिसतं. नावात रेल्वे असली, तरी तेल आणि वायूचं नियमन तेच करतं. ‘मासिक उत्पन्नाच्या इतक्या पट’ असा ठोकताळा ऐकाल. शेल खडकातल्या नव्या विहिरीला तो लावू नका. अशा बहुतेक विहिरींचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त घसरतं, त्यामुळे पहिल्या तीन धनादेशांवरून काढलेली किंमत फुगलेली असते. उलट बाजूने, शेजारच्या सेक्शनमध्ये चार परवाने मंजूर असताना एकाच जुन्या विहिरीवरून काढलेली किंमत फार कमी येते.

प्रति एकर भाव सांगितला, तर ‘कुठला एकर?’ हे लेखी विचारा. नेट रॉयल्टी एकर एक अष्टमांश रॉयल्टीवर मोजला जातो. तुमचे २० नेट मिनरल एकर एक पंचमांश रॉयल्टीला ३२ नेट रॉयल्टी एकर होतात. ५,००० डॉलर भावाने पहिल्या मापात १ लाख, दुसऱ्या मापात १ लाख ६० हजार.

विक्रीचे कागद वाचताना शीर्षकावर विसंबू नका. लीज म्हणून आलेल्या कागदात ‘विकतो आणि हस्तांतरित करतो’ असे शब्द असले, तर तो विक्रीचा कागद आहे. धनादेश वटवला की विक्री झाली, अशी अट बारीक अक्षरात असू शकते. ‘या काउंटीतील माझे सर्व हक्क’ असं लिहिलं असेल, तर अजून न सापडलेले हक्कही जातात. वर्णन एका ठरावीक क्षेत्रापुरतं बांधून घ्या. संपूर्ण इतिहासाची हमी देणारं जनरल वॉरंटी डीड (खरेदीखत) वारसाने देऊ नये. आजोबांच्या काळातल्या दोषाची भरपाई तुमच्याकडून मागितली जाऊ शकते. स्पेशल वॉरंटीचा, म्हणजे फक्त स्वतःच्या मालकीच्या काळापुरत्या हमीचा, आग्रह धरा. तीस बँक-दिवसांचा ड्राफ्ट आणि सोबत नोटरी केलेलं डीड पोस्टाने मागवलं, तर स्पष्ट नकार द्या. त्या मुदतीत डीड खरेदीदाराच्या हातात आणि पैसे हवेत असतात. डीड आणि पैसे यांची अदलाबदल एस्क्रोमार्फतच, म्हणजे दोन्ही गोष्टी सांभाळणाऱ्या तिऱ्हाइतामार्फतच, होऊ द्या. किमान तीन प्रस्ताव घ्या, किंवा ऑनलाइन लिलावात उतरवा. निम्माच हक्क विकणं हाही पूर्ण वैध पर्याय आहे, आणि भविष्यातल्या विहिरींबद्दल शंका असेल, तर मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो.

करात वारसांना एक मोठा दिलासा आहे. तुमची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरली जाते. त्या दिवशी मूल्य ६०,००० होतं आणि लगेच ९०,००० ला विकलं, तर कर फक्त ३०,००० च्या नफ्यावर, आणि तो नफाही दीर्घकालीन. म्हणून मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन पेट्रोलियम अभियंत्याकडून वेळीच करून घ्या. पाच वर्षांनी ते उभं करणं महागही पडतं आणि वादग्रस्तही ठरतं. मधल्या काळात घेतलेली डिप्लीशनची (साठा संपत जातो म्हणून करात मिळणारी) वजावट या मूल्यातून कमी होते. रॉयल्टी आणि लीजचा बोनस मात्र साधं उत्पन्न असतं. रॉयल्टीवर साधारणपणे १५ टक्के डिप्लीशन मिळतं.

एखादा वारस पुण्यात किंवा मडगावात राहत असेल आणि तो अमेरिकेचा नागरिक वा करनिवासी नसेल, तर त्याच्या विक्रीत खरेदीदार एकूण रकमेच्या १५ टक्के कापून आयआरएसकडे (अमेरिकेच्या करखात्याकडे) भरतो. प्रत्यक्ष कर कमी निघाला, तर विवरणपत्र भरून उरलेले परत मिळतात, त्यासाठी आयटिन हा करदाता क्रमांक आधी काढावा लागतो. सहीची नोटरी मुंबईतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात करता येते. भारतातल्या नोटरीपुढे सही केली, तर त्यावर अ‍ॅपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र, घ्यावं. वारस भारतात सामान्य निवासी असेल, तर तिकडच्या विवरणपत्रात हा हक्क परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावा लागतो, विक्री झाली नसली तरी.