बशी खोल हवी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'घरातली उंची चिनी माती : निवड आणि निगा'. दोन्हींवर बोलणार आहे, पण सुरुवात बशीपासून, कारण सेट घेताना सगळे कपावरची नक्षी बघतात आणि बशी कुणी हातातसुद्धा घेत नाही. बशीत ओतून चहा पिणारे किती जण आहेत इथे? हात वर करा, लाजू नका. बघा, निम्मं सभागृह!

आता तुमच्या कपाटातली नवी बशी आठवा. सपाट, मध्ये कपाचं बूड बसायला खळगा, खळग्याला उंचवट्याची कड. तिच्यात चहा ओतला की दोन घोट मावतात, तिसरा साडीवर. ही बशी पिण्यासाठी केलेलीच नाही, सांडलेले थेंब झेलण्यासाठी केलेली आहे. मुळात असं नव्हतं. 18व्या शतकात चीनमधून युरोपात चहाचे जे पेले जायचे त्यांना बहुधा कानच नसायचे, आणि सोबतची बशी चांगली खोलगट असायची. तिकडचे लोकही बशीतून प्यायचे. अमेरिकेत 19व्या शतकात तर चहा बशीत ओतल्यावर ओला कप टेकवायला तळहाताएवढी वेगळी ताटली मिळायची. पुढे तिकडचे रिवाज बदलले, बशी सपाट झाली, आणि तोच साचा आपल्याकडे आला. आपला रिवाज बदललेला नाही, मग भांडं का बदलावं? माझी तक्रार एवढीच आहे, आणि दुकानात ती मोठ्याने करायला हवी.

बशीत चहा लवकर निवतो त्याला कारण आहे. कपात चहाचं तोंड साधारण 8 सेंटीमीटर व्यासाचं, बशीत 13. म्हणजे उघडा पृष्ठभाग अडीचपटीहून जास्त, थर पातळ, वाफ झपाट्याने जाते, शिवाय गार बशी स्वतः उष्णता ओढून घेते. पण हे सगळं बशीत चहा मावला तर! म्हणून व्यास 14-15 सेंटीमीटर आणि मधली खोली निदान 2 सेंटीमीटर बघा. काठ सरळ वर चढत गेलेला हवा. लाटालाटांचा काठ दिसतो छान, पण चहा त्याच्या खाचांतून दोन-तीन ओघळांनी येतो. दुकानदाराकडे पाणी मागा, निम्मा कप बशीत ओता, दोन्ही हातांनी काठ धरून ओठापर्यंत न्या. हिंदकळलं तर तो सेट तिथेच ठेवा. कपाचा काठही पातळच हवा. जाड काठावरून ओतताना शेवटचा थेंब बाहेरून ओघळतो.

ताटलीचंही तसंच. 27 सेंटीमीटरच्या जेवणाच्या ताटलीला 4 सेंटीमीटरची रुंद किनार असेल तर आत उरतात फक्त 19. त्यात भाकरी ठेवायची कुठे आणि वरण-भात कालवायचा कुठे? हाताने जेवणाऱ्यांनी बिनकिनारीची, कडेने हलकी वर उचललेली ताटली घ्यावी.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. तर भराभर.

बोन चायनात साधारण निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते, बाकी केओलिन ही पांढरी माती आणि चायना स्टोन हा दगड. हे मिश्रण 18व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोडच्या कारखान्यात पक्कं झालं. हाडांची राख घरात चालत नसेल तर पोर्सेलीन, म्हणजे तशी राख नसलेली चिनी माती घ्या, तेही उत्तम असतं. बोन चायना उजेडासमोर धरलं की मागच्या बोटांची सावली दिसते. भांडं बोटांच्या टोकांवर तोलून काठावर नखाने टिचकी मारा. खणखणीत, लांबणारा आवाज हवा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. सहा ताटल्या एकावर एक रचून बघा, डुगडुगता कामा नयेत. नक्षीवरून बोट फिरवा. उंचवटा लागला तर रंग झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या वर आहे, तो आंबटाने आणि घासण्याने उतरतो. जुन्या भांड्यांच्या भडक लाल-पिवळ्या रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं, त्यांत लोणचं किंवा चिंचेचं सार ठेवू नका. सोनेरी रेघ असलेलं भांडं मायक्रोवेव्हमध्ये नको, ठिणग्या उडतात. आणि पूर्ण सेटऐवजी सुटे नग मिळतात तो पांढरा नमुना घ्या, फुटलेला कप नंतर बदलता येतो.

धुताना अंगठ्या-बांगड्या काढा. स्टीलच्या सिंकमध्ये तळाला जाड टॉवेल घाला, एका वेळी एकच नग, मऊ स्पंज. तारेची घासणी आणि राख नको. चहाचे डाग खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपाने दहा मिनिटांत सुटतात, ब्लीचने सोनं जातं. चमच्याच्या करड्या रेघा म्हणजे ओरखडे नव्हेत. झिलई स्टीलपेक्षा कठीण, म्हणून स्टीलच तिच्यावर घासलं जाऊन उरतं. तोच लेप लावा.

गार कपात उकळता चहा ओतू नका, आधी कोमट पाण्याने विसळा. ताटल्यांच्या बुडाची कडा बिनझिलईची, खरखरीत असते, ती खालच्या ताटलीला ओरखडते. म्हणून मध्ये सुती कापडाच्या चकत्या घाला. कप एकात एक खुपसू नका, कानाने खुंटीला टांगूही नका, सगळा भार जोडावर येतो. आणि कान तुटलाच तर इपॉक्सीने चिकटवलेला कप चहाला वापरू नका. गरम वाफेने तो जोड मऊ पडतो आणि भरलेला कप हातातून सुटतो.