साखरेचा हिशोब

(दृश्य: सकाळ, रबाळे स्टेशन, मागे पारसिकचा डोंगर)
ठाण्याहून आलेल्या लोकलमधून पहिली पाळी उतरतेय. ठाणे-बेलापूर पट्टा म्हटलं की कारखाने आणि रसायनांचा वास, हेच अजून आपल्या डोक्यात आहे. इथे औषध बनवणाऱ्या पेशीही वाढवल्या जातात, हे सांगितलंच पाहिजे.

(दृश्य: द्रव नायट्रोजनची टाकी उघडते)
उणे १९६ अंश. करंगळीएवढी कुपी बाहेर येते आणि ३७ अंशांच्या पाण्यात दोनेक मिनिटांत वितळते. कुपी धरणारी मुलगी कळव्याची. आतल्या पेशी चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातल्या. १९५७ साली अमेरिकेत थिओडोर पक यांनी वेगळ्या केलेल्या पेशींचा हा वंश. इन्सुलिन जिवाणूंकडूनही करून घेता येतं. पण स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅबसारख्या औषधावर, म्हणजे प्रतिपिंडावर (अँटीबॉडीवर), साखरेच्या साखळ्या नेमक्या जागी चढवाव्या लागतात. ते काम या पेशींचं.

चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागावं, तसं कुपीतून फ्लास्क, फ्लास्कमधून टाकी.

(दृश्य: दोन फ्लास्क, अगदी जवळून)
आता रंग बघा. दोन्हींत फिनॉल रेड आहे, आंबटपणा वाढला की रंग बदलणारं. डावीकडचं द्रावण परवा गुलाबी होतं, आज पिवळं पडलंय, म्हणजे आंबलंय. या पेशी खादाड. ऑक्सिजन असूनही ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, बरंचसं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. दही ज्यानं आंबतं, तेच हे. मोठ्या टाकीत हा आंबटपणा मारायला अल्कली सोडावी लागते, त्यानं क्षार वाढतात आणि पेशींची वाढ खुंटते.

म्हणून पेशीचा स्वयंपाकच बदलायचा. लॅक्टेट बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुक मंद करायचं. पार बंद केलं तर पेशी सहसा तग धरत नाहीत, म्हणून बेतानं. पायरुवेट कार्बोक्सिलेज हे दुसरं एन्झाइम वाढवलं की साखरेचा जास्त वाटा मायटोकॉन्ड्रियाकडे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीकडे वळतो. ग्लुटामाइन हे पेशींचं दुसरं अन्न; ते बाहेरून घालण्याऐवजी पेशीनं स्वतःच बनवावं, म्हणजे पेशींना घातक अमोनियाही कमी साचतो. एकेका बदलामागे कित्येक महिने आणि शेकडो फ्लास्क. हे कष्ट सहसा कुणी बघत नाही.

उजवीकडचा फ्लास्क बदललेल्या पेशींचा. त्याच दिवशी भरलेला. अजून गुलाबी.

(दृश्य: कळव्याची मुलगी फ्लास्क उजेडाला धरते. आठ सेकंद, निवेदन नाही.)

टाकी जास्त दिवस चालली की एका खेपेत औषध जास्त मिळतं, आणि खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात उपचारासाठी येणाऱ्या घरांना ते परवडण्याची शक्यता वाढते.

(दृश्य: संध्याकाळ, पाळी बदलते)
वहीत नव्या ओळी. ग्लुकोज. लॅक्टेट. पीएच. पुढची नोंद रात्री दहाला.